चावी साहेबांच्या हातात अन् पंखा फिरतच

मी मूळचा सेल्फ-डायनामोवाला माणूस. तालुक्याच्या बसस्टँडमागे एका मिस्त्रीच्या दुकानात ट्रॅक्टर, जीप, काळीपिवळीचे सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करायच्या मोटरी, खोलायच्या, कार्बन बदलायचे, बुश टाकायचे, आर्मेचर जळालं असेल तर रिवाइंडिंगला पाठवायचं, हेच माझं बारावीनंतरचं कॉलेज. मग नागपूरला विमान मेंटेनन्सचा कोर्स केला (बाबांनी त्यासाठी काय काय केलं तो विषय वेगळा) आणि आता पूर्व विदर्भातल्या एका छोट्या धावपट्टीवर, जिथे पोरं पायलट व्हायला येतात, तिथल्या हँगरमध्ये टेक्निशियन आहे. जागेचं नाव लिहीत नाही, इकडे धावपट्ट्या बोटावर मोजण्याइतक्या, लगेच कळेल. लायसन्स अजून हातात नाही, बी-1.2 म्हणजे पिस्टन इंजिनवाल्या विमानांचं, त्याचे पेपर चालू आहेत, तोवर काम मी करतो आणि सही इंजिनिअर साहेबांची.

गावाकडे गेलो की दुकानातले जुने मित्र हटकून विचारतात, "काहून बे, विमानाले पण सेल्फच असते ना, मंग त्यात काय एवढं?" सेल्फच असतो, बरोबर आहे. कार्बन तेच, आर्मेचर तेच, पिनियन रिंगला भिडतो तेही तेच. फरक एवढाच की ट्रॅक्टरची रिंग फ्लायव्हीलवर असते, हाउसिंगच्या आत झाकलेली, आणि आमच्याकडच्या इंजिनात ती रिंग पुढे असते, प्रॉपेलरच्या लगेच मागे, आणि सेल्फ तिच्या खाली बसवलेला. म्हणजे सेल्फच्या नटाला पाना लावायला तुम्ही वाकलात की तुमचं डोकं पात्यापासून हातभर अंतरावर.

तर झालं असं, मे महिना चालू होता. ज्यांनी विदर्भातला मे पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जाणं इकडे बातमी नसते. अशा उन्हात फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन एकदा उडून आलं, अर्धा तास उभं राहिलं की कव्हरच्या आत नुसती भट्टी होते, पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि मग हॉट स्टार्टची, म्हणजे तापलेलं इंजिन परत चालू करायची, कसरत. नवीन पोरगा असला की सेल्फ मारतच राहतो, मारतच राहतो. नियम साधारण असा की 10 सेकंद फिरवा, 20 सेकंद थांबा, आणि दोन-तीनदा होऊनही नाही झालं तर सेल्फ थंड होऊ द्या, पण शेजारी उन्हात बसलेला इन्स्ट्रक्टर घामाघूम, उड्डाणाची ठरलेली वेळ निघून चाललेली, कोण थांबतो.

पहिली तक्रार लॉगबुकात आली ती साधी होती. सेल्फ कधी उचलतो, कधी नुसतं टक. आम्ही बॅटरी चार्जला लावली, दुसऱ्या दिवशी मस्त चालू, सगळे खूश. असं दोनदा-तीनदा झालं. साहेब तेव्हाच म्हणाले होते की बॅटरी चार्ज करून बरी होणारी तक्रार बॅटरीचीच असते असं नाही, पण विमान उडत होतं आणि उडणारं विमान हँगरमध्ये कोणी आणून देत नाही.

मग तो दिवस. दुपारी एक सॉर्टी, म्हणजे उड्डाण, संपवून विमान परत आलं, पार्किंगला उभं राहिलं, पोरगा बदलला, पुन्हा स्टार्ट. इंजिन चालू झालं. इन्स्ट्रक्टर साहेबांनी पाहिलं तर अँमीटरचा काटा डिस्चार्जकडे पडलेला आणि पुढून काहीतरी किरकिर आवाज. चावी सोडलेली, ती आपली स्प्रिंगने बोथवर, म्हणजे इंजिन चालू असतानाच्या जागेवर, आलेली. त्यांनी शहाणपणा केला, जास्त विचार न करता मिक्श्चर ओढलं, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल तोडलं. इंजिन बंद पडलं. आवाज गेला. चावी ऑफ करून काढून हातात घेतली.

आणि प्रॉपेलर फिरतोय. इंजिनाच्या जोरावर नाही, सेल्फच्या जोरावर, हळूहळू, घरघर करत.

आता खाली काय चाललं होतं ते बघा. आमचा हेल्पर, बाजूच्याच गावचा पोट्टा, कामाला चांगला, इंजिनाचा आवाज थांबला म्हणजे आपलं काम सुरू एवढंच त्याला माहीत, तो चाकाला लावायचे लाकडी ठोकळे घेऊन पुढून निघाला. मी हँगरच्या दारात होतो. जितकं ओरडता येतं तितकं ओरडलो, तो थांबला, माझ्याकडे पाहून हसला (त्याला वाटलं मी त्याची मजा घेतोय), तेवढ्यात आतून इन्स्ट्रक्टर साहेबांनी बॅटरी तोडणारा लाल मास्टर स्विच खाली पाडला आणि पंखा टप्पकन थांबला. "भाऊ, बंद तं झालं होतं ना इंजिन?" तो मला विचारत होता, आणि त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. इंजिन बंदच होतं.

खरं तर चावी काढली म्हणजे पंखा मेला, हा समज आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असतो, मोटरसायकलमुळे. चावीच्या मागे दोन वेगळी कामं आहेत. एक, सेल्फच्या कॉन्टॅक्टरला, म्हणजे बॅटरीचा मोठा करंट सेल्फला जोडणाऱ्या स्विचला, करंट देणं. दुसरं, मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, बंद करणं. आणि दोन्ही कामांत चावी जे म्हणते तेच पुढे घडलं असं समजायचं कारण नाही. कॉन्टॅक्टर आतून चिकटला तर चावी काहीही म्हणो, सेल्फ फिरणार. आमचं तेच झालं होतं.

मॅग्नेटोचं त्याहून वाईट. कपाशीवर फवारायचा पेट्रोलचा पंप आठवा, दोरी ओढून चालू करतो तो. बॅटरी कुठे असते त्याला? आत चुंबक फिरतो, स्वतःची ठिणगी स्वतः बनवतो, आणि बंद करायचं बटन त्या ठिणगीला अर्थ करून मारतं. बटनाची वायर तुटली तर पंप बंद होत नाही. विमानाचा मॅग्नेटो हाच प्रकार, त्या वायरला पी-लीड म्हणतात, आणि ती तुटली तर चावी ऑफवर असली तरी मॅग्नेटो जिवंत. वर त्यात इम्पल्स कपलिंग असतं, स्प्रिंगचा खटका, जो प्रॉपेलर हाताने हळू फिरवला तरी आतला चुंबक झटक्यात फिरवून जोरदार ठिणगी पाडतो. सिलेंडरमध्ये थोडंसं पेट्रोल उरलेलं असलं की झालं, एक फटका, आणि एक फटका पुरतो. बॅटरी काढून घरी नेली तरी फरक पडत नाही. हे समजावल्यावर मिस्त्री काकांनी सुद्धा चहाचा ग्लास खाली ठेवला होता.

तर विमान हँगरमध्ये ओढलं (प्रॉपेलरला धरून नाही, टो-बारने, हे मी मुद्दाम लिहितोय) आणि काम सुरू. काम म्हणजे काय, तर अर्धा दिवस फॉल्ट शोधलाच नाही. अर्धा दिवस पंखा निरुपद्रवी करण्यात गेला. चाकांना पुढून-मागून ठोकळे, शेपटी जमिनीतल्या कडीला बांधली, थ्रॉटल बंद, मिक्श्चर पूर्ण बाहेर, फ्युएल बंद, चावी काढून समोरच्या काचेजवळ ठेवली जिथे बाहेरून पण दिसेल. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली. मग आठ स्पार्क प्लगपैकी वरचे चार बाहेर काढले, म्हणजे कॉम्प्रेशनच उरलं नाही, आणि खालच्या चारच्या लीड पण काढून त्यांची टोकं अर्थला बांधली. कारण एक गंमत आहे, चावी स्टार्टवर नेली की इम्पल्सवाला मॅग्नेटो चावीच जिवंत करते, ती तर तिची ड्युटीच आहे. म्हणजे सेल्फ टेस्ट करायला तुम्ही चावी फिरवणार आणि त्याच क्षणी ठिणगी पण चालू करणार.

इथे मला दुकानाची आठवण येणारच. ट्रॅक्टरचा सेल्फ उचलत नसला की आम्ही काय करायचो, सोलेनॉइडच्या दोन बोल्टवर पेचकस आडवा लावायचा, चर्रर्र ठिणगी, घुर्रर्र सेल्फ, गिऱ्हाईक खूश. दहा सेकंदात निदान. विदर्भातल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या सोलेनॉइडवर बघा, बोल्टांची चाळीस वर्षांची चावलेली टोकं दिसतील. हीच करामत इथे केली तर पेचकस धरणारा माणूस पात्याच्या घेरात उभा असतो. साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "तुझ्या खिशात पेचकस दिसला तर चालेल, सेल्फजवळ दिसला तर घरी." ते गमतीत बोलत नाहीत.

पहिली टेस्ट कंट्रोलची. सेल्फला जाणारी जाड केबल सेल्फपासून सोडवली, टोकाला रबरी टोपी घालून टेप मारला. आता बॅटरी जोडून चावी कितीही फिरवा, पंखा हलूच शकत नाही, फक्त कॉन्टॅक्टरचा टक आवाज येतो. आला का? नाही. कारण तो आधीच आत चिकटून बसलेला, मीटर लावला तर मास्टर चालू करताच सेल्फच्या केबलवर 24 व्होल्ट हजर, चावी खिशात असताना. म्हणजे मास्टरच आता आमचा सेल्फ बटन झाला होता. जोडणी तशीच ठेवून कोणी नुसता फ्लॅप बघायला मास्टर लावला असता तरी पंखा फिरला असता.

कॉन्टॅक्टर काढला. नवीन मागवायचा होताच, म्हणून साहेबांच्या परवानगीने जुना करवतीने कापला. आत एक तांब्याची चकती असते जी दोन बोल्टांच्या डोक्यांना जोडते. त्या चकतीवर खड्डे, काळे, भाजल्यासारखे, आणि एका बाजूला तांबं वितळून मोहरीएवढा थेंब झालेला, तो थेंबच बोल्टाला वेल्डिंग होऊन बसला होता. नखाने निघाला नाही, पेचकसने उचकटला तेव्हा टिचकन सुटला. एवढ्याशा मोहरीने त्या पोराचा हात गेला असता. हातच कशाला, 76 इंची प्रॉपेलर, पूर्ण 2700 आरपीएमला त्याच्या टोकाचा वेग ताशी 980 किलोमीटरच्या जवळपास येतो, आणि नुसत्या आयडलला सातशेवर पण अडीचशेच्या पुढे. फिरताना दिसत तर नाहीच, पात्याच्या टोकाला पिवळा-पांढरा पट्टा मारतात तो त्यासाठीच.

आता कॉन्टॅक्टर बदलला, झालं काम, असं दुकानात झालं असतं. पण तो वेल्डिंग झाला कशामुळे? हा प्रश्न साहेब सोडत नाहीत, आणि मला त्यांचं हेच आवडतं. कॉन्टॅक्टर चिकटतो तो बहुतेक वेळा टरटर करून. व्होल्टेज कमी पडलं की कॉइल चकती धरून ठेवू शकत नाही, सोडते, सोडली की लोड गेला म्हणून व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढते, पुन्हा सोडते, आणि प्रत्येक वेळी शेकडो अँपिअरची ठिणगी. म्हणजे पहिली तक्रार, ती कधी उचलतो-कधी नाही वाली, आणि ही दुसरी, या दोन वेगळ्या नव्हत्याच. मूळ कुठेतरी व्होल्टेज गळत होतं.

व्होल्टेज ड्रॉप टेस्ट ही लोडवरच होते. ओहम मीटर लावून जाड केबल तपासणं म्हणजे टाइमपास, शंभरातली पाच तार शाबूत असली तरी तो चांगलीच दाखवेल. म्हणजे नवीन कॉन्टॅक्टर बसवून, केबल परत सेल्फला जोडून, पंखा खराखुरा फिरवायला लागणार. मीटरच्या लांब वायरी बनवल्या, त्या विमानाच्या विंगखालून मागे केबिनच्या दारापर्यंत आणल्या, मीटर तिथे. जागा बदलायची असेल तर आधी मास्टर बंद, बॅटरी सोड, चावी बाहेर, मग पुढे जा, क्लिप बदल, परत मागे ये, सगळ्यांची तोंडं मोज, मोठ्याने "क्लिअर प्रॉप", मग तीन-चार सेकंद सेल्फ. लय कंटाळवाणं. त्या गरमीत तर अजूनच. पण एकानेही म्हटलं नाही की राहू दे, धर तू हातानेच.

पॉझिटिव्ह बाजू ठीक. इंजिनाची अर्थ पट्टी ठीक (इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणून बॉडीला जोडायला वेगळी पट्टी लागते, ती तुटली तर करंट थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि ती गरम होते, हे तपासायला मी केबलला हात लावून पाहिला, थंड होती). मग बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून बॉडीपर्यंत लावलं. शून्याच्या जवळ पाहिजे. अडीच व्होल्ट. वायर जराशी वाकवून, सगळे मागे सरकून पुन्हा मारला तर सहा, आणि नवीन कॉन्टॅक्टर टरटरला. सापडलं.

केबल वरून नवीकोरी दिसत होती. थिंबलच्या, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीच्या, तोंडाशी काळी स्लीव्ह घट्ट बसवलेली. स्लीव्ह ब्लेडने चिरली आणि आतून हिरवी पावडर सांडली, अर्ध्याअधिक तारा थिंबलच्या आत शिरायच्या आधीच तुटलेल्या, उरलेल्या करंटने तापून तपकिरी. ती स्लीव्ह लावणाऱ्याने चांगल्या मनानेच लावली असेल, पण आत ओलावा कोंडला गेला आणि बाहेरून कोणाला दिसलं नाही. पावसाळ्यात इथे हँगरला एका बाजूने भिंतच नसते, काय बोलणार.

केबल नवीन, थिंबल क्रिंप करून, बॉडीवरचा पेंट खरवडून चकचकीत केला. वाचन पाव व्होल्टाच्या आत आलं. ज्या नवीन कॉन्टॅक्टरने टेस्टमध्ये टरटर केली तो साहेबांनी लावू दिला नाही, म्हणाले त्याच्यावर ठिणगी पडली आहे, टेस्टसाठी ठेव. दुसरा मागवला. ऑफिसमध्ये यावरून जरा आवाज चढले, ते इथे नको.

कॉन्टॅक्टरचं अजून एक. हँगरच्या चौकीदाराने सल्ला दिला की तालुक्याला ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात हुबेहूब मिळते, विमानवाल्यापेक्षा स्वस्त. हुबेहूब दिसतं हे खरंच आहे. विमानात सुद्धा मास्टरचा कॉन्टॅक्टर आणि सेल्फचा कॉन्टॅक्टर शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ. पण मास्टरवाला तासन्तास चालू राहायला बनवलेला, सेल्फवाला थोड्या सेकंदांसाठी पण दणकून करंट पेलायला. अदलाबदल केली तर एक कॉइल जाळतो आणि दुसरा चिकटतो. म्हणून पार्ट नंबर आणि सोबतचा कागद, दोन्ही जुळले तरच लागतो.

चावीचा स्विच पण खोलून पाहिला. तो ठीक निघाला, धूळ होती फक्त. स्विचची भानगड जगभर जुनी आहे, 1976 मध्येच अमेरिकेच्या एफएएने (तिथलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) बेंडिक्स कंपनीच्या इग्निशन स्विचवर आदेश काढला होता की ऑफ केल्यावर मॅग्नेटो खरंच मरतो का हे तपासत राहा, आणि 1993 मध्ये एसीएस कंपनीच्या स्विचवर, कॉन्टॅक्टरच्या कॉइलला डायोड लावा म्हणून. कॉइल सुटताना उलटा झटका मारते, त्या झटक्याने स्विचचे पॉइंट जळतात, डायोड तो झटका गिळतो. रुपयांत बघाल तर काहीच नाही. आमच्या विमानात होता, बरोबर दिशेने लावलेला, मीटरने पाहिला.

मग प्लग परत बसवून टॉर्क मारला, लीड जोडल्या, अग्निशामक घेऊन एक जण बाजूला, ग्राउंड रन. 1800 आरपीएमला एकेक मॅग्नेटो बंद करून बघितलं, ड्रॉप दीडशेच्या आत पाहिजे आणि दोघांत पन्नासपेक्षा जास्त फरक नको, होता तसा. शेवटी आयडलवर चावी क्षणभर ऑफ, इंजिन मरायला लागलं की लगेच परत बोथ. मरायला लागलं म्हणजे दोन्ही पी-लीड शाबूत. ही टेस्ट एका सेकंदाची आहे आणि पायलट लोक घाईत हीच गाळतात.

हेल्परचं सांगायचं राहिलं. तो पोट्टा उन्हाळ्यात दुपट्टा भिजवून डोक्याला बांधतो, आणि दुपारी जेवायला बसला की वाळायला कुठे टाकायचा, तर प्रॉपेलरच्या पात्यावर, सावलीत छान वारा लागतो म्हणून. मी आधी बोललो होतो, हो हो म्हणायचा. त्याला कापलेला कॉन्टॅक्टर दाखवला, थेंब दाखवला, फवारणी पंपाची गोष्ट सांगितली. म्हणाला, "म्हंजे भाऊ, हा कधीच झोपत नाही म्हना ना." दुपट्टा आता हँगरच्या खिळ्याला असतो. 2015 च्या डिसेंबरमध्ये मुंबई एअरपोर्टवर एक टेक्निशियन चालू जेट इंजिनात ओढला गेला होता, तो तर रोज विमानाजवळच वावरणारा माणूस, मी त्याला ते पण सांगितलं, पण मला वाटतं त्याच्यावर परिणाम मोहरीएवढ्या थेंबाचाच झाला.

नियम दोन बदलले. इंजिन बंद झाल्यावर पायलट मास्टर बंद करून, चावी काचेवर ठेवून अंगठा दाखवत नाही तोवर ठोकळे घेऊन कोणी हलत नाही, आणि जाताना विंगच्या टोकाकडून मागून वळून जातं, पुढून नाही. दुसरा, बॅटरीच्या दोन्ही केबल आता शंभर तासांच्या तपासणीत लोडवर मोजतो आणि कागदावर आकडा लिहितो, नुसती टिक नाही. हॉट स्टार्टला दहा सेकंदांवर सेल्फ मारायचा नाही म्हणून कॉकपिटमध्ये चिठ्ठी पण लावली होती. ती उन्हाने गळून पडली, कोणीतरी परत चिकटवली, परत पडली, आता इन्स्ट्रक्टर लोक तोंडी ओरडतात आणि पोरं अकरा-बारा सेकंद मारतातच.